मृगानंतर रक्ताचे थेंब वाळवायचे कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या श्रावणात माझ्या लेकीला मुलगी झाली. नवव्या दिवशी आम्ही बारशाच्या तयारीत असताना जावयांच्या मोबाइलवर इस्पितळातून फोन आला. "बाळाचं सॅम्पल रिजेक्ट झालंय, परत घेऊन या," एवढेच सांगून पलीकडच्यांनी फोन ठेवला. जावई वास्कोला कामावर होते. त्यांनी लेकीला कळवले, आणि नऊ दिवसांची बाळंतीण पोर मांडीवर घेऊन रडायला लागली. "आई, हिच्या रक्तात काय निघालं गं?"

मी एकतीस वर्षे परिचारिका म्हणून नोकरी केली, त्यातली बहुतेक प्रसूती विभागात. जन्मजात आजार वेळेत कळावेत म्हणून नवजात बाळाच्या टाचेतले रक्ताचे थेंब एका कागदी कार्डावर वाळवून तपासायला पाठवतात. रिजेक्ट होते ते हे कार्ड, बाळ नव्हे, हे मला ठाऊक होते. तसे मी लेकीला समजावलेही. पण त्या रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही, कारण मला दुसरीही एक गोष्ट ठाऊक होती. या तपासणीत जे आजार शोधतात त्यांतला एक थायरॉइडचा. बाळाची थायरॉइड ग्रंथी जन्मापासूनच काम करत नसेल, तर गोळी पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हावी लागते. नऊ दिवस गेले होते. नवा नमुना जाणार, तपासला जाणार, निकाल येणार. हाताच्या बोटांवर मोजून पाहिले तर चौदावा दिवस उलटून जात होता.

दुसऱ्या दिवशी भर पावसात टॅक्सी करून सत्तरीतून त्या खाजगी इस्पितळात गेलो. नाव लिहीत नाही, कारण हे कुठेही घडू शकते आणि घडते. बाळाची टाच पुन्हा टोचली. मी तिथल्या सिस्टरला विचारले, पहिले कार्ड कुठे वाळवले होते? तिने प्रामाणिकपणे जागा दाखवली. हात धुवायच्या सिंकच्या शेजारची खिडकीची कड. बाहेर पागोळ्या गळत होत्या, आतल्या भिंतीला ओल होती. नमुना दुपारी अडीचला घेतलेला, आणि कुरियरचा मुलगा चारला येतो म्हणून दीड तासात कार्ड मिटून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेले. प्रयोगशाळेत ते उघडले तेव्हा एका थेंबाचा ठसा समोरच्या घडीवर उमटलेला होता.

सोळाव्या दिवशी निकाल आला. बाळ निरोगी आहे, देवाची कृपा. आता ती घरभर पावले टाकते. पण एखाद्या घरी निकाल उलटा आला असता तर त्या सोळा दिवसांचा हिशेब कोणी दिला असता? त्या सिस्टरला दोष द्यायला मी हे पत्र लिहीत नाही. सुकलेल्या रक्ताची तपासणी आपण गोव्यात आणली, पण रक्त सुकवण्याची सोय आणली नाही, हे माझे म्हणणे आहे.

ज्यांना ही तपासणी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. बाळ दोन-तीन दिवसांचे झाले की टाचेला बारीक टोचून रक्ताचे चार-पाच थेंब एका जाड टीपकागदासारख्या कार्डावर घेतात. कागद शुद्ध कापसापासून केलेला असतो आणि त्यावर गोल छापलेले असतात. रक्त वाळले की कार्ड पाकिटात घालून पाठवता येते. बर्फ नको, सुईने शिरेतून काढलेली रक्ताची बाटली नको. अमेरिकेतले डॉ. रॉबर्ट गथ्री यांनी १९६०च्या सुमाराला ही युक्ती रुळवली. त्यांचा स्वतःचा मुलगा मतिमंद होता आणि भाचीला फिनाइलकीटोन्युरिया हा आजार होता. तो वेळेत कळला असता तर आहार सांभाळून तिची बुद्धी वाचवता आली असती. नर्सिंग शिकताना हे ऐकले तेव्हापासून त्या कार्डाकडे मी कधी नुसता कागद म्हणून पाहिले नाही. आपल्या देशात थायरॉइडचा जन्मजात दोष साधारण हजार-अकराशे बाळांमागे एकात सापडतो. उपचार म्हणजे रोज एक छोटी गोळी आईच्या दुधात कुटून देणे. ती वेळेवर मिळाली तर मूल इतरांसारखे शाळेत जाते, उशीर झाला तर बुद्धीचे झालेले नुकसान पुढे कुठल्याच औषधाने भरून येत नाही.

गोव्याला या बाबतीत मागासलेले म्हणता येणार नाही. २००८ साली आपल्या सरकारने नवजात बाळांच्या अशा तपासणीचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा देशातल्या बहुतेक राज्यांत हा विषय निघालाही नव्हता. एचआयव्ही असलेल्या मातांच्या बाळांचीही सहा आठवड्यांनंतर अशाच कार्डावर तपासणी होते. ती देशात २०१०पासून सुरू झाली. म्हणजे कार्ड आपल्याला नवे नाही.

मात्र प्रयोगशाळेत त्या थेंबाचे काय होते हे वॉर्डात फार थोड्यांनी पाहिलेले असते. तिथले यंत्र वाळलेल्या थेंबातून जेमतेम सव्वातीन मिलिमीटरची चकती कापून घेते. कपाळावर लावायची सगळ्यांत बारीक टिकली असते ना, तेवढी. तिच्यात सुमारे तीन मायक्रोलिटर रक्त असते. सगळा हिशेब त्या टिकलीवर चालतो. तेवढ्याच जागेत दोन थेंब एकावर एक पडलेले असतील तर रक्त जास्त, आकडा जास्त. टाच पिळून काढलेले रक्त असेल तर त्यात पेशींभोवतीचे पाणी मिसळते, मग आकडा कमी. स्पिरिट वाळण्याआधी टोचले तर थेंबाभोवती फिकट वलय येते.

हे मी कोणाला शहाणपण शिकवायला लिहीत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मीही टाच पिळली आहे. रात्रपाळीला दोघी जणी, बाळंतिणी चौदा, बाळ रडतेय, थेंब येत नाही, मग हात आपोआप दाबतो. त्या काळी आम्ही साधी सुई वापरायचो. किती खोल गेली ते हाताच्या अंदाजावर. तान्ह्या बाळाला दोन मिलिमीटरच्या पुढे जाऊ नये, नाहीतर टाचेच्या हाडाला इजा होऊ शकते, हे मला एका वयस्क सिस्टरनी सांगितले. टाचेच्या मधोमध टोचायचे नाही, दोन्ही कडांच्या मांसल भागात टोचायचे, हेही त्यांनीच स्वतः पायाला हात लावून दाखवले. पुस्तकातल्या चित्रावरून ते हाताला कळत नाही. आता स्प्रिंगची लॅन्सेट मिळतात. खोली ठरलेली, क्षणात आत-बाहेर, रक्त आपसूक येते आणि पिळायची गरज फारशी पडत नाही. तरी अजून कितीतरी ठिकाणी खर्च वाचवायला सुईच दिली जाते. चार पैसे वाचतात, आणि बाळ दोनदा टोचले जाते.

टोचण्याआधी कोमट पाण्यात पिळलेला कपडा तीन-चार मिनिटे टाचेला धरावा. कोमट म्हणजे आपल्या मनगटाला सोसेल इतकाच. बाळ आईच्या अंगाशी, पाय खाली सोडलेला. त्या वेळी आई पाजत असेल तर फारच बरे, बाळाला दुखणे कमी जाणवते आणि आईलाही धीर येतो. माझ्या शेवटच्या काही वर्षांत मी बाळाला आईपासून उचलून टेबलावर नेणे बंदच केले होते. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसायचा. दुसरा मोठा होऊ द्यायचा, लोंबकळेपर्यंत. मग कार्डाची एकच बाजू हलकेच टेकवायची आणि गोल एका झटक्यात भरू द्यायचा. कार्ड उलटवून पाहायचे, मागेही तितकाच लाल गोल दिसला पाहिजे. मागे पांढरे राहिले तर रक्त आरपार गेलेले नाही. अशा वेळी त्याच गोलात वरून दुसरा थेंब टाकायचा मोह होतो. तो टाळायचा आणि पुढचा गोल घ्यायचा.

इथपर्यंतचे सगळे प्रशिक्षणात येते. त्यापुढचे येत नाही.

आपल्याकडे मे महिन्यात पुरुमेंताची धांदल असते. सोलां, सुकी मासळी, मिरच्या, पापड, सगळे उन्हात कडक करून बरण्यांत भरायचे. एकदा मृग लागला की काही वाळत नाही, हे गोव्यातल्या कुठल्याही बाईला शिकवावे लागत नाही. तान्ह्याची दुपटी आम्ही निखाऱ्यांवर टोपली उपडी घालून तिच्यावर वाळवत आलो. आणि त्याच पावसात, त्याच ओल्या हवेत, बाळाचे रक्त मात्र तीन-चार तासांत वाळेल असे आपण धरून चालतो, कारण सूचनांच्या कागदावर तसे छापले आहे. तो कागद थंड, कोरड्या खोलीसाठी लिहिलेला आहे. वाळपईच्या जुलैसाठी नाही.

मी स्वतः पाहिलेले सांगते. पावसाळ्यात चार तासांनी थेंब वरून तपकिरी दिसतो, म्हणजे वाळला असे वाटते. कार्ड तिरपे धरून उजेडात पाहिले की मधला भाग अजून चमकतो. तो ओला आहे. तसाच पिशवीत गेला की आतल्या आत आंबतो. शिवाय ओल आणि उष्णता मिळून काही तपासण्यांचा पायाच काढून घेतात. जी-सिक्स-पीडीसारखी तपासणी रक्तातल्या एन्झाइमचे काम मोजते. दमट पिशवीत, कुरियरच्या तापलेल्या गाडीत ते एन्झाइम मरते आणि निरोगी बाळ आजारी असल्याचा निकाल येतो. थायरॉइडचा आकडा त्या मानाने तग धरतो, पण नासलेले कार्ड तपासायचेच नाही असा प्रयोगशाळेचा नियम असतो, आणि तो बरोबर आहे. कार्ड परत आले म्हणजे निदान चूक कळली तरी. नासलेले कार्ड कोणाच्या लक्षात न येता तपासले गेले, तर चुकीचा आकडा खरा म्हणून घरी येतो.

काही ठिकाणी घाईत केस वाळवायचा ड्रायर फिरवतात, काही ठिकाणी कार्ड स्टरिलायझरच्या गरम झाकणावर ठेवतात. कृपया असे करू नका. गरम हवेने वरचा थर कडक होतो आणि रक्त कागदातून नीट सुटत नाही. कडक उन्हातही ठेवू नये. आणि कार्डे एकमेकांवर रचू नयेत. मी एकदा ड्यूटीवर येऊन पाहिले तर पाच बाळांची पाच कार्डे रबर लावून एकत्र ठेवलेली. एकाचे रक्त दुसऱ्याच्या कार्डाला लागले होते. एचआयव्हीच्या तपासणीत तर तेवढा ठसा एका घराचे आयुष्य उलटेपालटे करायला पुरेसा आहे, कारण ती तपासणी विषाणूचा अत्यल्प अंशही पकडते. आम्ही पाचही बाळांना पुन्हा टोचले. त्यातली एक आई मोर्लेहून एसटीने आली होती, ती संध्याकाळपर्यंत थांबली. एका शब्दाने बोलली नाही. तिचे ते न बोलणे मला अजून आठवते.

मग करायचे काय? प्रत्येक प्रसूती केंद्रात एक छोटी खोली, निदान एक कपाट, जिथे एसी किंवा हवा कोरडी करणारे यंत्र चालू असेल. आत कार्ड आडवे, दोन्ही बाजूंनी मोकळे राहील अशी खाचांची घोडी. भिंतीवर दमटपणा दाखवणारे घड्याळाएवढे यंत्र. जून ते सप्टेंबर कार्ड रात्रभर वाळवायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवायचे, आणि वाळवायला ठेवल्याची व पिशवीत घातल्याची वेळ रजिस्टरमध्ये लिहायची. कुरियरची वेळ पाहून कार्ड वाळल्याचे ठरवायचे नाही. सत्तरीत पावसात झाड तारांवर पडले की चार-चार तास वीज नसते, तेव्हा हे कपाट जनरेटरच्या लाइनवर हवे. लसींच्या फ्रिजसाठी आपण हे करतोच.

पिशवी घट्ट बंद होणारी हवी आणि आत सिलिका जेलची पुडी व रंग बदलणारी दमटपणाची पट्टी. पट्टी निळी असेल तर बरे, गुलाबी झाली की पुडी बदलायची. यातही एक गोम आहे. पुड्यांचा मोठा डबा उघडा राहिला तर आपल्या हवेत एका दुपारीत त्या सगळ्या पाणी पिऊन बसतात, आणि मग आपण बाळाच्या रक्ताशेजारी मेलेली पुडी ठेवतो. कोऱ्या कार्डांचेही तेच. गठ्ठा फोडून वॉर्डच्या ड्रॉवरमध्ये स्पिरिटच्या कापसाशेजारी टाकला की कागद आधीच ओल धरतो आणि थेंब नीट पसरत नाही. लागतील तेवढीच कार्डे बाहेर काढावीत, त्यांच्यावरची मुदतीची तारीख पाहावी. पावडर लावलेल्या हातमोज्यांनी गोलांना स्पर्श करू नये.

पाठवणीबद्दल थोडक्यात लिहिते. शुक्रवारी संध्याकाळचे कार्ड सोमवारपर्यंत पडून राहते. चवथीत, म्हणजे गणपतीत, तर विचारू नका, पाच दिवस सगळा गोवा घरी असतो. असायलाच हवा, माझ्याही घरी माटोळी असते. पण बाळे चवथीतही जन्मतात. वाळपई, साखळी, पेडणे, काणकोण इथून रोज कदंबच्या बसेस पणजी-मडगावला जातात. त्यांच्याशी आरोग्य खात्याने करार करून बंद डब्यातली कार्डे रोज, सुट्टीच्या दिवशीही पोहोचवता येणार नाहीत का?

आणि फॉर्म. हा कोणी महत्त्वाचा मानत नाही, पण बाळ सापडायचे ते फॉर्मवरून. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. फॉर्मवर पत्ता सासरचा, फोन नवऱ्याचा, आणि नवरा बोटीवर नाहीतर आखातात. प्रयोगशाळा त्या नंबरावर दहा वेळा फोन करते आणि 'संपर्क झाला नाही' असे लिहून मोकळी होते. बाळ मात्र तिथून चार घरांवर आजीच्या मांडीवर असते. फॉर्मवर आजीचा नंबर आणि माहेरचा वाडा लिहायला एक ओळ वाढवा. गावातल्या आशा ताईंचे नाव लिहा. त्या बाळंतीण कुठे आहे ते कुठल्याही संगणकापेक्षा आधी सांगतील. आणि पुन्हा बोलवायचा फोन करणाऱ्याला दोन वाक्ये लिहून द्या. "बाळाला काही झालेलं नाही. कार्ड नीट वाळलं नव्हतं, म्हणून पुन्हा थेंब घ्यायचे आहेत, पण उद्याच या." माझ्या लेकीला तेवढे कोणी सांगितले असते तर ती रात्र तिची तशी गेली नसती. बाळंतिणीच्या मनावर ताण आला की तिचे दूध उतरायला वेळ लागू शकतो, हे तरी लक्षात घ्यावे.

माझी आरोग्य खात्याला आणि खाजगी प्रसूतिगृहांच्या चालकांना विनंती आहे की येत्या मृगाआधी, मे महिन्यातच, हे वाळवण्याचे कपाट प्रत्येक ठिकाणी बसवावे. किती कार्डे परत आली आणि का परत आली, याचा आकडा दर महिन्याला त्या त्या वॉर्डातल्या फळ्यावर लिहावा. सिस्टरला रागे भरायला नव्हे. तिला कळायला हवे की ती जे कार्ड पाठवते त्याचे पुढे काय होते. आम्हाला ते कधीच कोणी कळवले नाही. मी निवृत्त झाले तोवर एकदाही नाही.

नव्या मुलींना टाच कशी धरायची आणि कार्ड उजेडात तिरपे धरून ओल कशी ओळखायची, हे दाखवायला माणूस हवे असेल तर मी यायला तयार आहे. मानधन नको. सकाळच्या पहिल्या बसने निघाले तर नऊपर्यंत म्हापशाला किंवा बांबोळीला पोहोचते. संपादक महोदय, माझा फोन नंबर आपल्याकडे दिला आहे, कोणी विचारले तर जरूर द्यावा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका,
वाळपई, सत्तरी
(नाव छापू नये ही विनंती)